तळ्यातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालणे थांबवावे का?

पहाटफेरी

इंदूरच्या पश्चिम भागात आमच्या वसाहतीला लागून एक सार्वजनिक बाग आहे आणि तिच्या मधोमध, सावकाश चालले तरी दहाएक मिनिटांत फेरी पूर्ण होईल एवढे, लहानसे तळे आहे. सकाळी फिरायला येणारी निवृत्त मंडळी, सुट्टीच्या दिवसांत येणारी मुले, संध्याकाळी कचोरीचे पुडे घेऊन बाकांवर बसणारी कुटुंबे, अशी ही सर्वांची जागा आहे. तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण जी एक गोष्ट करतो, तिच्याविषयी हा धागा आहे. प्रवेशद्वाराबाहेर द्रोणांतून कणकेच्या गोळ्या आणि परमल (चुरमुरे) विकायला असतात. पुष्कळ जण घरूनच शिळ्या पोळ्या, पाव, उरलेली शेव घेऊन येतात आणि हे सारे माशांना व बदकांना घातले जाते. माझे म्हणणे असे आहे की हे पूर्णपणे थांबवावे आणि तसा फलक बागेत लावावा, अशी लेखी मागणी आम्ही रहिवाशांनी करावी.

कारण सांगते. अगदी उजाडताना तळ्यावर गेलात, तर मासे पाण्याच्या वर तोंडे काढून उघडझाप करताना दिसतात. बघणाऱ्याला वाटते की बिचारे भुकेले आहेत, आणि हातातला द्रोण रिकामा होतो. वास्तविक ते भुकेने नव्हे, तर श्वास कोंडल्यामुळे वर आलेले असतात. पाण्यातले शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री तेच शेवाळ, तळाचा कुजणारा गाळ आणि स्वतः मासे मिळून तो वापरत राहतात, त्यामुळे सूर्योदयाच्या थोडे आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात मुळातच लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू मावत नाही, आणि तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू, कटला यांसारखे मासे कासावीस होतात. भुकेला मासा आणि गुदमरलेला मासा यांतला फरक ओळखणे कठीण नाही. भुकेला मासा गोळी पडते तिथे झेपावतो आणि घास घेऊन खाली जातो. गुदमरलेला मात्र तळ्यात जिथे असेल तिथे वरच्या थरात तरंगत राहतो आणि गोळीकडे फारसे लक्षही देत नाही. अशा वेळी आपण टाकलेली कणीक तळाशी जाऊन कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाते.

आणखी एक गोष्ट मला खटकते. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग पहिल्या क्रमांकाचा मान मिळवणारे आपले शहर घरातला कचरा सहा प्रकारांत वेगळा करायला शिकले. शिळी पोळी ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेली, तर २०२२ पासून देवगुराडियाच्या प्रकल्पात तिचा गॅस होतो. तीच पोळी तळ्यात गेली, तर तिला आपण पुण्य म्हणतो.

वैश्वदेव

आपण मांडलेले प्राणवायूचे शास्त्र मला मान्य आहे, त्यामुळे त्याविषयी मी वाद घालत नाही. मात्र त्यातून जो निष्कर्ष आपण काढला आहे, तो मला घाईचा आणि काहीसा रुक्ष वाटतो.

आपल्या घरांतून गोग्रास काढला जातो, पितृपक्षात काकबळी ठेवला जातो, आणि पूर्वी जेवणाआधी वैश्वदेव होत असे. यामागची कल्पना अशी की शिजलेल्या अन्नावर फक्त माणसाचा हक्क नाही. पाच महायज्ञांमध्ये भूतयज्ञाला, म्हणजे प्राणिमात्रांना अन्न देण्याला, स्वतंत्र स्थान दिले आहे ते याचसाठी. वसाहतीतल्या सदनिकांमध्ये आज ना गाय येते, ना अंगण उरले आहे. ज्यांना हा संस्कार जपायचा आहे, त्यांच्यासाठी हे तळे ही शेवटची जागा आहे. अमावास्येला किंवा शनिवारी येऊन मूठभर गोळ्या घालणारे जे वृद्ध दिसतात, त्यांना आपण ‘कचरा टाकणारे’ या रांगेत उभे करत आहात, हे कृपया लक्षात घ्यावे.

आणि हे शहर कोणाचे आहे, याचाही विसर पडू नये. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरी नर्मदेतल्या माशांना खाऊ घालण्याची व्यवस्था केली होती आणि पक्ष्यांसाठी उभी शेते विकत घेऊन राखून ठेवली होती, ही गोष्ट माळव्यात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. त्यांच्या या भूतदयेचा उल्लेख जॉन माल्कमसारख्या ब्रिटिश अधिकाऱ्यानेही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आदराने केला आहे. २०२५ मध्ये आपण त्यांची ३००वी जयंती थाटाने साजरी केली. आता त्याच शहरात माशांना खाऊ घालणे निषिद्ध ठरवायचे काय?

महाडजवळच्या वाळणकोंडीचे उदाहरणही घ्या. तिथल्या काळ नदीच्या डोहातले मोठमोठे मासे देवीचे मानले जातात. भाविक त्यांना चुरमुरे घालतात, मात्र त्यांना कोणीही पकडत नाही. इतरत्र जे मासे दुर्मीळ झाले, ते तिथे टिकून राहिले, आणि ते श्रद्धेमुळे टिकले, कोणत्याही फलकामुळे नव्हे.

जुना पाटबंधारेवाला

मी आयुष्यभर पाण्याचे हिशेब केले आहेत, म्हणून भावनेत न शिरता थोडे आकडे मांडतो. तळ्याच्या बाबतीत खरा प्रश्न फॉस्फरसचा असतो, कारण शेवाळाची वाढ बहुधा त्याच्यापाशी अडते. एक किलो कणकेत साधारण ३ ग्रॅम फॉस्फरस असतो. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला सुमारे दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. म्हणजे चार माणसांच्या एका घराचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी तळ्यात आले, तर ते रोज दोन किलो कणीक टाकल्यासारखेच होते, आणि त्यात कपडे-भांडी धुण्याच्या पावडरी मी धरलेल्याच नाहीत.

समजा, सगळे अभ्यागत मिळून तळ्यात रोज २० किलो खाद्य टाकतात. सुट्टीचे दिवस धरूनही हा अंदाज मला चढाच वाटतो, पण तोच घेऊ. त्याचा फॉस्फरस झाला ६० ग्रॅम, म्हणजे ४० माणसांचा, किंवा दहा घरांचा. आता तळ्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात पावसाळी नालीचे जे तोंड आहे, त्याकडे जाऊन पाहावे. पावसाचा टिपूस नसताना, भर एप्रिलमध्येही तिथून पाणी झिरपत असते. पावसाळी नालीत उन्हाळ्यात पाणी येते, याचा अर्थ वरच्या अंगाला कुठेतरी घरांची सांडपाण्याची जोडणी तिच्यात झालेली आहे. ती घरे दहा आहेत की पन्नास, हे शोधून काढायला हवे. ते न करता प्रवेशद्वाराबाहेर गोळ्या विकणाऱ्या द्रोणवालीच्या पोटावर पाय देणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मोठ्या पापाकडे पाठ फिरवायची आणि छोट्या पापावर फलक लावायचा, ही आपली जुनी खोड आहे.

प्राणवायूचेही पाहू. आपले तळे दोन हेक्टरांचे आणि सरासरी दीड मीटर खोल धरले, तर त्यात तीन कोटी लिटर पाणी झाले आणि त्यात भरल्या पावसाळ्यानंतर दोनशे किलोच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असेल. २० किलो खाद्य कुजायला साधारण तेवढाच, म्हणजे २० किलोंहून थोडा अधिक प्राणवायू लागतो. हवेतून रोज नवा प्राणवायू मिसळतो तो वेगळाच. यात मासे मरण्यासारखे मला काही दिसत नाही.

पहाटफेरी

काका, आपला हिशेब मी दोनदा वाचला आणि तो माझ्याच बाजूने साक्ष देतो आहे असे माझे मत झाले. आपल्याच आकड्यांप्रमाणे माशांच्या खाद्यातून तळ्यात दहा घरांच्या सांडपाण्याइतका फॉस्फरस जातो. दहा घरांची गटारे कोणी उघडपणे या तळ्यात सोडली असती, तर आपण ‘शेजारी पन्नास घरांचे येतच आहे’ असे म्हणून गप्प राहिलो असतो का?

शिवाय रोजचे ६० ग्रॅम म्हणजे वर्षाचे जवळजवळ २२ किलो होतात. तीन कोटी लिटरांत ते सारखे पसरले, तर लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम पडतात, आणि तळी हिरवी पडायला लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमही पुरतो. हा सगळा फॉस्फरस पाण्यात राहत नाही, काही माशांच्या अंगात जातो आणि बराचसा गाळात बसतो, हे मला ठाऊक आहे. पण उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की गाळात बांधलेला फॉस्फरस पुन्हा सुटून वर येतो. म्हणजे यंदा टाकलेल्या कणकेचा हिशेब पुढची कित्येक वर्षे मिटत नाही.

प्राणवायूच्या बाबतीत आपण भरल्या तळ्याचे गणित मांडलेत, ते आश्विनातले आहे. ज्येष्ठात तेच पाणी तिसऱ्या हिश्शावर येते, त्यात विरघळलेला प्राणवायू सत्तर किलोंच्या आत उतरतो, आणि मुलांच्या सुट्ट्या असल्यामुळे नेमके त्याच महिन्यांत खाद्य सर्वांत जास्त पडते. त्यातही सगळे जण पायऱ्यांपाशी उभे राहूनच टाकतात, त्यामुळे तिथल्या पाण्याला सरासरी लावून भागत नाही. पायऱ्यांजवळचा काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ आपण पाहिला असेलच.

वैश्वदेव यांना एवढेच सांगते की वाळणकोंड हा सह्याद्रीतल्या वाहत्या नदीचा डोह आहे. दर पावसाळ्यात घाटमाथ्यावरून येणारे पाणी तो धुऊन काढते. आपल्या तळ्यात पाणी येते, पण बाहेर जाते ते बहुतेक बाष्प होऊनच, आणि फॉस्फरसची वाफ होत नाही. तिथले मासे टिकले ते त्यांना पकडले नाही म्हणून. चुरमुऱ्यांमुळे टिकले असे म्हणता येणार नाही.

नातवंडांची आजी

एवढा हिशेब वाचून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारते. मूल तळ्याजवळ कशासाठी येते?

माझी नातवंडे सुट्टीत आली की त्यांना बागेत नेणे हे माझे काम असते. गवतावर चालू नका, फुले तोडू नका, चेंडू आणू नका, सायकल आत आणू नका, तळ्याच्या कठड्यावर बसू नका, असे फलक तिथे आधीच लागलेले आहेत. आता ‘माशांना खाऊ घालू नका’ हा आणखी एक लागेल. मग मुलांनी तिथे करायचे तरी काय? ती माझ्या शेजारी बाकावर बसून मोबाईल बघतील, तो घरी बसूनही बघता येतो. द्रोण हातात असला की तीच मुले तासभर काठावर उभी राहतात, कोणता मासा मोठा, कोणाला मिशा आहेत, बदक घास कसा चाळते, याच्यावर भांडतात. पाण्यातल्या जीवाकडे टक लावून बघायला त्यांना कोणी शिकवलेले नाही, ते त्या गोळीने शिकवले आहे. उद्या हे तळे बुजवून कोणी वाहनतळ करायला निघाला, तर त्याला विरोध करायला आज काठावर उभी राहिलेली मुलेच येतील. ज्यांचा तळ्याशी कधी काही संबंधच आला नाही, ती कशाला येतील?

इंदूरकरांनी पिपल्याहाना तलावात इमारत उभी राहत असताना केवढे आंदोलन केले होते, हे अजून लोकांच्या लक्षात आहे. ती माणसे फॉस्फरस मोजणारी नव्हती, तलावावर जीव असलेली होती.

टिबुकली

मी पक्षी बघतो, म्हणून माशांविषयी न बोलता काठावरच्या पक्ष्यांविषयी लिहितो, कारण या चर्चेत ‘बदके’ म्हणून जे काही मोजले जात आहे त्यात मोठा घोळ आहे.

पाव खायला जी पांढरी बदके पायऱ्यांपाशी येतात, ती पाळीव आहेत. कोणीतरी हौसेने पिल्ले घेतली आणि मोठी झाल्यावर तळ्यात आणून सोडली. तळ्याचे खरे रहिवासी वेगळे आहेत. टिबुकली बुडी मारून पाण्यातले किडे, गोगलगायी आणि बोटभर मासे खाते. जांभळी पाणकोंबडी पाणवनस्पतींचे कोंब खुडते. खंड्या आणि पाणकावळा जिवंत मासे धरतात, तर ढोकरी काठाशी ध्यानस्थ उभी राहून बेडूक टिपते. हळदी-कुंकू बदकांची जोडी पावसाळ्यात क्वचित उतरते आणि ती दाणे व कोवळे गवत खाते. यांपैकी एकालाही आपल्या शेवेचा किंवा पावाचा काही उपयोग नाही. उपयोग होतो तो कबुतरांना, कावळ्यांना आणि उंदीर-घुशींना. खाद्याच्या लोभाने कावळे जमले की ते टिबुकलीच्या तरंगत्या घरट्यातली अंडीही उचलतात. म्हणजे एका पक्ष्याला खाऊ घालताना आपण दुसऱ्याची पिल्ले त्याच्याच ताटात वाढतो आहोत.

सिरपूरला कधी तरी पहाटे जाऊन यावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकरांनी बांधलेला हा तलाव २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर ही पाणथळ शहरे म्हणून मान्यता मिळालेली देशातली पहिली दोन शहरे ठरली. सिरपूरला हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, ते कोणी पाव टाकतो म्हणून येत नाहीत. उथळ काठ, पाणकणसाची बेटे आणि चिखल यांच्यासाठी येतात. आपल्या बागेतल्या तळ्याला मात्र चारी बाजूंनी दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, आहे, जिथे ढोकरीला उभे राहायलासुद्धा जागा नाही.

आणि हो, २०१७च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांवर कोणी भिस्त ठेवू नये. करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली तळी त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेली आहेत, त्यामुळे आपल्या तळ्याचे जे काही व्हायचे ते आपल्याच वागण्यावर ठरणार आहे.

मधला मार्ग

दोन्ही बाजू वाचल्यावर मला वाटते की एवढे ताणायचे कारण नाही. पाव, शेव आणि परमल यांना मनाई करावी. मत्स्यखाद्याच्या तरंगत्या गोळ्या बाजारात मिळतात, त्या प्रवेशद्वारावरच्या बाईंनीच विकाव्यात. खाद्य टाकायला एकच जागा ठरवावी आणि चैत्र ते ज्येष्ठ हे तीन महिने सर्वांनीच हात आखडता घ्यावा. मध्यभागी कारंजे बसवले, तर प्राणवायूचाही प्रश्न सुटेल. आजींची नातवंडे खूश, वैश्वदेव यांचा नेम पाळला जाईल आणि बाईंचा धंदाही बुडणार नाही.

जुना पाटबंधारेवाला

हा मधला मार्ग दिसायला सोयीचा आहे, पण त्यात एक मेख आहे. मत्स्यपालनाच्या खाद्यात फॉस्फरस साधारण एक टक्का असतो, म्हणजे किलोमागे १० ग्रॅमच्या आसपास. कणकेच्या तिप्पट. ते खाद्य मासे लवकर वाढून विकले जावेत म्हणून बनवलेले असते. मत्स्यशेतीत मासे काढून नेले की त्यांच्याबरोबर फॉस्फरसही तळ्याबाहेर जातो. आपल्या बागेत मासे कोणी काढत नाही, तेव्हा आत गेलेले सगळे आतच राहणार. कारंज्याने प्राणवायू मिळेल, हे बरोबर आहे, मात्र ते रात्री दोन ते सहा चालवले तरच. आपल्याकडे कारंजी संध्याकाळी सात ते नऊ, रंगीत दिव्यांसह चालतात.

पहाटफेरी यांना उत्तर देणेही मला भाग आहे. ज्येष्ठातल्या पाण्याचा मुद्दा बिनतोड आहे, त्या महिन्यांत कोणी काही टाकू नये याला माझी हरकत नाही. परंतु दहा घरांची तुलना करताना आपण एक गोष्ट सोडून दिलीत. दहा घरांच्या सांडपाण्यात नुसता फॉस्फरस नसतो, त्यात रोगजंतू असतात, साबण असतो, औषधांचे अंश असतात. कणकेत यांपैकी काही नाही. त्यामुळे दोन्हींचा फॉस्फरस सारखा असला, तरी दोन्हींचे अपराध सारखे होत नाहीत.

वैश्वदेव

टिबुकली यांनी शेव आणि पावाविषयी जे लिहिले ते पटण्यासारखे आहे. शेव ही माणसानेच जपून खावी अशी वस्तू आहे, ती पक्ष्यांना घालणे हा भूतयज्ञ नव्हे, नुसता आळस आहे. शिळे पाव आणि उरलेसुरले अन्न तळ्यात रिकामे करणाऱ्यांविरुद्ध फलक लावणार असाल, तर माझी सही घ्यावी. दान हे आपल्या ताटातल्या चांगल्या घासाचे करायचे असते. फेकून द्यायच्या वस्तूला दान म्हणण्याची प्रथा कोणत्याही शास्त्रात नाही.

मात्र नेमाने येणाऱ्याची मूठभर कणीक आणि रविवारच्या गर्दीतला किलोभर पाव यांना एकाच मापाने मोजणे मला मान्य होणार नाही. २० किलोंच्या हिशेबात या नेमवाल्यांचा वाटा किती असेल? किलोभरही नसेल. सरसकट बंदी घालणे सोपे असते म्हणून ती घातली जाते. गर्दीला आवरता येत नाही, तेव्हा आपण एकट्यादुकट्या म्हाताऱ्याला शिट्टी वाजवून हटकतो, हे बागेच्या रखवालदारांच्या बाबतीत आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

पहाटफेरी

नेमवाल्यांचा वाटा थोडा आहे, हे मी नाकारत नाही. अडचण अशी आहे की फलकावर ‘श्रद्धेने मूठभर घालणाऱ्यांना सूट’ असे लिहिता येत नाही. एकाने घातलेले पाहून दुसरा घालतो, आणि दुसऱ्याचे पाहून बसभर आलेली सहल घालते. आजोबांच्या हातात द्रोण दिसला की रखवालदार इतरांना कोणत्या तोंडाने अडवणार?

अहिल्याबाईंच्या गोष्टीचा मात्र मी आदराने वेगळा अर्थ लावते. नर्मदेतल्या माशांना त्यांनी खाऊ घातले, ती नर्मदा होती. मूठभर कणीक तिच्या पात्रात कुठल्या कुठे जाते. पण पक्ष्यांसाठी त्यांनी काय केले, ते पाहा. दाणे उधळण्यासाठी त्यांनी माणसे नेमली असे कोणी सांगत नाही. पिकावरून पक्ष्यांना हाकलले जाते म्हणून उभे शेतच त्यांनी पक्ष्यांच्या नावावर करून टाकले. पक्ष्याने आपल्या सवडीने यावे, आपल्या चोचीने खुडावे, आणि कोणाच्या हाताकडे बघू नये, असा तो विचार होता. टिबुकली यांनी दगडी काठाविषयी जे लिहिले, त्याच्याशी याचा सरळ संबंध आहे. तळ्याच्या उत्तरेकडचा शंभरेक फूट काठ पिचिंग काढून उतरता केला, तिथे पाणकणीस, लव्हाळा आणि कर्दळ लावली, तर या वनस्पती पाण्यातला फॉस्फरस ओढून घेतील, त्यांच्या बुंध्याशी माशांची पिल्ले लपतील आणि ढोकरीला उभे राहायला जागा मिळेल. दर वर्षी ती वाढ कापून बाहेर काढावी लागेल, अन्यथा तीच कुजून सगळे परत पाण्यात जाईल. हे कापणीचे काम वसाहतीतल्या मंडळींनी नेमाने केले, तर त्यालाही भूतयज्ञच म्हणावे लागेल.

आजी, आपला प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला. मुलांच्या हातातून द्रोण काढून घेतला तर त्या हातांना दुसरे काही द्यावे लागेल, हे खरे. एक चाळणी आणि पांढरी ताटली दिली, तर काठाशी बोटभर पाण्यात किती जीव सापडतात हे मुले स्वतः पाहू शकतील. चतुराची पाण्यातली अळी एकदा ताटलीत आली की मुले तासभर हलत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

नातवंडांची आजी

चाळणीची कल्पना चांगली आहे, पण ती घेऊन उतरत्या काठावर मुलांना सांभाळायला जी माणसे लागतील ती कुठून आणायची, ते आपण लिहिलेले नाही. माझे गुडघे त्या उताराला तयार नाहीत. दगडी पायऱ्यांवर निदान कठडा तरी आहे. जो काठ ढोकरीला सोयीचा, तो चार वर्षांच्या मुलाला धोक्याचा असतो. बागेत तळ्याभोवती कठडे घातले गेले, ते काही उगीच हौस म्हणून नव्हे.

दुसरे असे की द्रोणवाल्या बाईंविषयी येथे सगळे बोलले, पण त्यांना कोणी विचारलेले नाही. मी काल विचारले. त्या म्हणाल्या की रविवार सोडला तर गोळ्यांपेक्षा उकडलेल्या शेंगा आणि हंगामात शिंगाडे जास्त खपतात, गोळ्या त्या ठेवतात ते लोक मागतात म्हणून. कणीक मळण्याचा त्यांना कंटाळाच आहे. तेव्हा त्यांच्या पोटाची ढाल करून कोणी वाद घालू नये, माझ्या बाजूच्यांनीही नाही. मी विरोध करते तो मुलांसाठी करते.

टिबुकली

सुरक्षेचा मुद्दा योग्य आहे. उतरता काठ कठड्याच्या आतल्या बाजूला करता येतो. सध्याचा कठडा पाण्यापासून पाच-सहा पावले मागे घ्यायचा आणि मधली पट्टी पक्ष्यांसाठी सोडायची. चाळणीचा खेळ पायऱ्यांवरच, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावा. मुलांना काठावर सोडा असे कोणीही म्हणत नाही.

पाळीव बदकांचे काय करायचे, हे मात्र कोणी बोलले नाही. खाद्य एकदम बंद केले, तर ती सर्वांत आधी उपाशी पडतील, कारण त्यांना दुसरे काही शोधायची सवयच राहिलेली नाही. त्यांना आधी तळ्यातून हलवून कोणा पाळणाऱ्याकडे द्यावे लागेल. फलक त्यानंतर लागला पाहिजे.

जुना पाटबंधारेवाला

क्रम ठरवायचाच असेल तर माझा क्रम असा आहे. सर्वप्रथम पूर्वेच्या नालीचा वरच्या अंगाने शोध, मग बदकांची सोय, मग उत्तरेचा काठ, आणि ज्येष्ठापुरती खाद्यबंदी. बारमाही फलकाचा विचार त्यानंतर एक पावसाळा जाऊ देऊन करावा. नाली बंद झाल्यावरही पाणी हिरवेच राहिले, तर पहाटफेरी यांचे म्हणणे सिद्ध झाले असे मी समजेन आणि स्वतः फलक धरून उभा राहीन.

नालीचा शोध घ्यायचा तर पाऊस लागण्यापूर्वीच घ्यावा लागेल, कारण एकदा मृगाच्या सरी आल्या की कोणते पाणी कुठले, हे कोणालाच सांगता येत नाही. रविवारी सकाळी साडेसहाला मी वरच्या गल्लीतल्या पहिल्या चेंबरपाशी असेन. वैश्वदेव यांनी आणि पहाटफेरी यांनीही यावे. चेंबरचे झाकण उचलायला दोन माणसे लागतात. मात्र सरसकट बंदीच्या अर्जावर माझी सही आजच गृहीत धरू नये.

पहाटफेरी

रविवारी येते. अर्जाचा मसुदाही बरोबर आणते. त्यात पाव, शेव आणि शिळ्या अन्नाला बारमाही मनाई आणि कणकेला फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत मनाई, असे दोन वेगळे परिच्छेद करते, म्हणजे ज्याला ज्या परिच्छेदाखाली सही करायची आहे त्याने ती करावी. दुसऱ्या परिच्छेदात ‘पहिल्या पावसापर्यंत’ हे शब्द खोडून ‘कायम’ लिहावे, असे माझे मत अजूनही आहे आणि तेही मी समासात लिहून ठेवणार आहे.